करंटला मोकळी वाट

आमच्या घरात पत्रक आणि हँडबिल हे दोन वेगळे शब्द होते. त्यांची सरमिसळ बाबांना खपत नसे. हँडबिल म्हणजे साड्यांचा सेल, नवं झालेलं मंगल कार्यालय, दहावीचे क्लास. ते छापून आमचं पोट भरायचं. पत्रक म्हणजे बाबांना जे म्हणायचं असेल ते. ते छापण्यात पोट थोडं मागे जायचं, पण घोडेगावात बाबांना जो मान होता तो त्या पत्रकांमुळे होता. तहसील कचेरीजवळच्या गल्लीत आमची छोटी प्रेस आहे. मी अक्षरं शिकले ती तिथे, उरलेल्या गुलाबी-पिवळ्या कागदांवर. 'विचारल्याशिवाय मानू नका' हे माझ्या वाचनातलं पहिलं पूर्ण वाक्य. इतर पोरांचं 'कमल बघ' वगैरे असतं, माझं हे.

म्हणून मला जो राग आला त्याला दुसरं कुणी जबाबदार नाही. तो बाबांनीच शिकवलेला आहे.

जीप स्टँड आणि बाबांचं नातं जुनं. घोडेगावातून डिंभे, तळेघर, भीमाशंकर आणि डोंगरातल्या गावांकडे एसटी जाते, पण ती चुकली की जीपशिवाय इलाज नसतो. त्या जीपवाल्यांच्या काचेसमोर पूर्वी लिंबू-मिरची लटकायची, कुणाकडे काळी बाहुली. बाबांनी त्यावर पत्रकं काढली, चहाच्या टपरीवर तासन्‌तास वाद घातले. मग एक प्रकार घडला. डोंगरातला एक भगत मंतरलेलं पाणी इंजिनावर शिंपडून द्यायचा, म्हणजे घाटात गाडी दगा देत नाही. बाबांनी त्याला सगळ्यांसमोर सांगितलं, सारखे पेले ठेवतो, एकातलंच पाणी मंतरून दे, पेले हलवतो, मग तुझं पाणी ओळखून दाखव. भगताला ते जमलं नाही. मी तेव्हा शाळेत होते. स्टँडवर वाजलेल्या टाळ्या मला अजून ऐकू येतात. हळूहळू जीपांमधून लिंबं गेली. काचेखालची ती जागा रिकामी झाली.

ती रिकामी जागा कुणीतरी हेरून ठेवली असावी असं मला आता वाटतं.

गेल्या वर्षी श्रावणाच्या आधी एक माणूस प्रेसमध्ये आला. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला लॅपटॉपची बॅग, बोलणं मऊ. त्याला हँडबिल छापायचं होतं. त्याने टेबलावर एक डबी ठेवली. काड्यापेटीहून थोडी मोठी, काळी, चांगली जड. तिला दोन वायरी आणि वर एक दिवा. बॅटरीला जोडली की गाडीचा करंट शुद्ध होतो, स्पार्क जोरात पडतो, इंजिनाची ताकद वाढते, डिझेल वाचतं, असं तो म्हणाला.

मी कॉम्प्युटरवर बसले होते. म्हटलं, "डिझेलच्या इंजिनात स्पार्क नसतोच. प्लगच नसतो त्याला."

"बरोब्बर, ताई!" तो इतका खूश झाला की जणू मी त्याच्या मनातलं बोलले. "म्हणून डिझेलसाठी वेगळं मॉडेल. हे बघा." त्याने बॅगेतून दुसरी डबी काढली. तीच डबी. फक्त दिवा लालऐवजी निळा.

मी हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी चष्मा वर करून त्या माणसाचा मजकूर वाचायला घेतला होता. शुद्धलेखन भयंकर होतं, आणि वाईट मराठी बघून बाबांचा हात शिवशिवतो. त्यांनी लाल पेन घेतलं. एक ओळ दुरुस्त केली, मग दुसरी. तो माणूस म्हणत राहिला, "वा, काय भाषा आहे साहेब, आम्हाला कुठून सुचणार." मूळ मजकुरात 'बॅटरी व यंत्र यांमध्ये काहीही जोडू नये' असं काहीतरी होतं. बाबांनी ते खोडलं आणि वर लिहिलं: 'करंटला मोकळी वाट द्या, घाट आपोआप सोपा होईल.' आणि सगळ्यात वर, जाड अक्षरांत: 'लिंबू नको, विज्ञान हवं.'

"बाबा, हे हँडबिल आहे," मी तो माणूस गेल्यावर म्हटलं.

"विजेचं यंत्र आहे ते. मंतरलेलं पाणी नाही," बाबा म्हणाले. "लोक विज्ञानाकडे वळत असतील तर आपण तोंड वाकडं करायचं का? तू प्रत्येक गोष्टीत भगत शोधतेस."

ते गुलाबी कागदावर छापून गेलं. पत्रकांच्या कागदावर.

बाजाराच्या दिवशी त्या माणसाने स्टँडजवळ छत्री टाकली, स्पीकर लावला आणि बाबांचीच वाक्यं म्हणायला सुरुवात केली. जीपवाल्यांनी हँडबिल उलटसुलट पाहिलं, खाली प्रेसचं नाव पाहिलं, भाषा ओळखली. एक जण प्रेसच्या दारात आला.

"भाऊ, ह्ये तुमी लिव्हलंय न्हवं?"

"भाषा माझी आहे," बाबा म्हणाले.

"मग झालं. तुमी म्हंता म्हंजी परीक्षा झालेली असणार."

बाबा हातातल्या कागदाची घडी नीट करत राहिले. मी त्यांच्याकडे बघत होते. त्या एका क्षणात 'नाही, मी परीक्षा घेतलेली नाही' एवढं म्हणायला किती दम लागतो?

डब्या खपल्या. बसवायला सगळे जुन्नरला जायचे. तिथे गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारे एक चाचा आहेत, त्यांचा हात साफ आहे असं सगळे मानतात. आता इथे जी चूक झाली ती आमच्याच स्टँडला सुचू शकते. डबी बॉनेटच्या आत, बॅटरीशेजारी बसवायची होती. तशी बसवली असती तर ती तिथे काहीही न करता पडून राहिली असती आणि कुणाचं वाकडं झालं नसतं. पण बॉनेटच्या आतला दिवा पॅसेंजरला दिसणार कसा? जीपवाल्यांना तो निळा दिवा समोर हवा होता, काचेखाली, पूर्वी जिथे लिंबू असायचं नेमकं तिथे. म्हणून वायरी बॉनेटमधून पत्र्याला भोक पाडून आत आणल्या. बॅटरीपासून थेट डबीपर्यंत. मध्ये फ्यूज नाही. कारण करंटला मोकळी वाट द्यायची होती.

स्टँडवरचे सगळ्यात जुने ड्रायव्हर, ज्यांना लहानथोर सगळे मामा म्हणतात, त्यांनीही ती बसवली. मामा तोंडाने फाटके आणि मनाने सरळ. शाळेत असताना पाऊस-चिखलाच्या दिवसांत मला त्यांनी कितीदा फुकट आणून सोडलं असेल. ते मला चिडवायचे, "काय गं पत्रकवाली, माझ्या डबीवर पत्रक कवा काढतीस?" मी म्हणायचे, "काढेन तेव्हा तुम्हीच वाटाल." ते म्हणायचे, "पर गाडी उचलती हां, राव. खोटं न्हाई बोलनार."

तळेघरच्या पुढे, भीमाशंकरकडे चढताना, मामांची जीप पेटता पेटता राहिली.

गाडी भरलेली होती. देवाला निघालेलं एक कुटुंब, बाजार करून परतणाऱ्या दोन बायका, मागे लटकलेले दोघे. पत्र्याच्या भोकात वायर घासून घासून सोलली होती. ती पत्र्याला टेकली आणि बॅटरीचा सगळा जोर त्या बारीक वायरीतून धावला. वायर लाल झाली. काचेखालून धूर आला, मग जळक्या प्लास्टिकचा वास. मामांनी गाडी डोंगराच्या अंगाला दाबली, ओरडून सगळ्यांना उतरवलं आणि बॅटरीपर्यंत जाण्याइतकाही धीर न धरता वायर हातानेच ओढून तोडली. तळहाताची कातडी वायरीबरोबर आली. बाकी कुणाला काही झालं नाही. दुसऱ्या अंगाला दरी होती, एवढं सांगितलं की पुरे.

मी दवाखान्यात गेले तर मामा खाटेवर बसून हसायचा प्रयत्न करत होते. "चहाचा कप कसा धरू आता? डाव्या हातानं पिलं की मिशीवर सांडतंय."

बाबा तिथेच होते. त्यांनी विचारलं, "कशाने झालं?"

"वायर हलकी व्हती, भाऊ. डबीचा दोष न्हाई. चांगल्या कंपनीची वायर घालाय पायजे व्हती."

मला तिथेच ओरडावंसं वाटलं. हे वाक्य मी पाठ केलेलं होतं! बाबांच्या जुन्या पत्रकात होतं ते: भगताचा उपाय कधी चुकत नाही, चुकतो तो नेहमी रोगी. पथ्य मोडलं, विटाळ झाला, लिंबू शिळं होतं. आता वायर हलकी होती. आणि बाबा मान डोलवत होते.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "स्टँडवर सांगा. आजच. श्रावणी सोमवार आले, गाड्या खचाखच भरून वर जाणार. सगळ्यांनी तशीच वायर आत आणली आहे."

"चांगली वायर घाला असं सांगतो."

"वायर नाही, बाबा. फ्यूज. आणि तो फ्यूज कुणामुळे नाही? तुमच्या वाक्यामुळे नाही. ते वाक्य दुसरं कुणी मागे घेऊ शकत नाही. मी सांगितलं तर म्हणतील पोरीला काय कळतंय. तुम्हालाच म्हणावं लागेल."

"पूर्ण माहिती घेतल्याशिवाय मी बोलणार नाही," ते म्हणाले. पूर्ण माहिती! छापताना ती कुठे गेली होती?

दुसऱ्या दिवशी मी जुन्नरला गेले. चाचा एका ट्रॅक्टरच्या पोटात शिरले होते, नुसते पाय बाहेर. मी पायांशी भांडले.

"चाचा, फ्यूज का नाही टाकला?"

पाय म्हणाले, "टाकत होतो. हातात घेतला होता. गिऱ्हाईक म्हणालं नको, फ्यूजनं करंट अडतो. गुलाबी कागद दाखवला मला."

"तुम्हाला माहीत होतं ना, त्या डबीत काही नाही ते?"

आता ते सरपटत बाहेर आले. तोंडाला काळं लागलं होतं. "अगं बेटी, लोक माझ्याकडून चौदा प्रकारचे हॉर्न बसवून घेतात. एकाने रिव्हर्सला आरती लावून घेतली. डबीत काय आहे ते मी कशाला बघू? बसव म्हणाले, बसवली."

"आणि जीप पेटली असती तर?"

"तर माझं नाव खराब झालं असतं. तुझ्या बापाचं नसतं झालं. लिहिणाऱ्याचं कधी होत नाही." ते परत ट्रॅक्टरखाली गेले. "रागावू नको. चहा मागव स्वतःसाठी. माझ्या नावावर सांग."

मी चहा घेतला नाही. चाचांचाही राग आलाच मला. माहीत असून गप्प बसणं हा काही धंद्याचा नियम नव्हे. पण त्यांच्या शेवटच्या वाक्याने एसटीत पूर्ण रस्ताभर माझं डोकं तापलेलं राहिलं, कारण ते खरं होतं.

मामांची निघालेली डबी मी घरी आणून फोडली. आत दिवा, दिव्याला लागणारा एक चिमुकला भाग, आणि वजन यावं म्हणून ओतलेलं प्लास्टर. बाकी काही नाही. बाबांपुढे ठेवली तर म्हणाले, "आपण त्यातले जाणकार नाही. दिसायला साधं असलं तरी परिणाम असू शकतो. ड्रायव्हरांना फरक जाणवतो आहे, हा अनुभव आहे ना?"

"भगताच्या गिऱ्हाइकांनाही अनुभव होता."

आई अंगणवाडीतून नुकतीच आली होती. पिशवी ठेवता ठेवता म्हणाली, "पेले ठेवा की मग. तुमचाच डाव आहे."

पेले ठेवायचं मी ठरवलं. मामांना विश्वासात घेतलं. त्यांची जीप दुरुस्त झाली होती, हात अजून बांधलेला होता, त्यामुळे दुसऱ्यांनी चालवण्यात काही विचित्र दिसणार नव्हतं. मी डबी पुन्हा जुळवली. दिवा आतल्या दोन छोट्या सेलवर चालेल असं केलं, खाली एक बारीक बटण ठेवलं. बाहेरच्या वायरी मात्र काचेखालून आत नेऊन कशालाच जोडल्या नाहीत. नुसत्या लोंबत होत्या.

स्टँडवर सांगितलं की मामांच्या गाडीत नवी डबी बसवली आहे, दिवा बंद म्हणजे डबी बंद, दिवा चालू म्हणजे डबी चालू. डिंभ्याच्या पुढच्या चढावर एकदा तशी आणि एकदा अशी चालवून बघा, मग मी परत काही बोलणार नाही. पत्रकवालीचं तोंड कायमचं बंद होणार म्हटल्यावर सगळे तयार झाले. गाडीभर ड्रायव्हर बसले. बाबांनाही मामांनीच ओढून मागच्या बाकावर बसवलं.

दिवा बंद ठेवून एक जण चढ चढला. "बघ, जीव न्हाई गाडीत. मेल्यावानी चढती." उतरून परत आलो, दिवा लावला. दुसऱ्याने चाक घेतलं, आणि अर्ध्या चढावर तो गाणं म्हणायच्या बेताला आला.

"आर्रर्र! पाय टेकला की उचलती बघ!"

"तिसऱ्यात चढली, राव. मगाशी दुसरा टाकाय लागला व्हता."

"ताई, बोला आता! का झोप लागली?"

आणि मागच्या बाकावरून बाबांचा आवाज आला. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. "फरक आहे," ते म्हणाले. "मलाही जाणवतोय."

मला वाटलं होतं की या क्षणी मला जिंकल्यासारखं वाटेल. पण तसं काही वाटलं नाही. ज्या माणसाने मला विचारल्याशिवाय मानू नकोस असं शिकवलं, तो कशालाच न जोडलेल्या वायरीतून येणारी ताकद अंगावर घेत होता.

गाडी थांबवायला सांगितली. वायरी काचेखालून ओढून काढल्या आणि त्यांची मोकळी टोकं सगळ्यांसमोर धरली. डबी उघडली, सेल दाखवले. "हा दिवा माझ्या सेलवर चाललाय. गाडीशी त्याचा संबंध नाही. दोन्ही वेळा गाडी तीच होती."

आधी कुणाला कळलं नाही. मग कळलं. मग कुणी हसलं नाही.

मी समजत होते की राग डबीवाल्यावर निघेल. किती भाबडी मी! ज्याने मघाशी चाक धरलं होतं तो उतरला आणि माझ्यासमोर उभा राहिला. "भगताला उघडं पाडलंत तवा आमी टाळ्या वाजवल्या. आता आमालाच भगत केलं व्हय?"

"मी तुमचं नाही, डबीचं—"

"डबी ऱ्हाऊ द्या. आमाला गाडीतलं कळत न्हाई, आसंच सांगायचं व्हतं ना तुमाला? इतकी वर्सं घाट चालवतोय आमी. तुमी कागद चालवा."

मामा मध्ये पडले. बांधलेला हात वर करून म्हणाले, "तिच्यावर कशापायी? हात माझा भाजलाय. मला माझ्या हाताचं पटलंय." पण दोघे-तिघे तिथूनच पायी निघाले, मागून येणाऱ्या टेम्पोला हात केला. बाबा खिडकीबाहेर डिंभे धरणाच्या पाण्याकडे बघत बसले होते.

त्या संध्याकाळी त्यांनी पत्रक लिहिलं. मी वाचायला घेतलं. 'काही वाहनचालकांची दिशाभूल झाल्याचे निदर्शनास आले आहे. जाहिरातींच्या युगात नागरिकांनी सजग राहावे...' अशी पानभर सुंदर, गुळगुळीत भाषा. बाजारपेठ होती, चंगळवाद होता, समाज होता.

"यात तुम्ही कुठे आहात?" मी विचारलं.

"प्रश्न व्यक्तीचा नाही, प्रवृत्तीचा आहे."

"मामांचा हात प्रवृत्तीने भाजला नाही. तुमच्या एका ओळीने भाजला."

आई भाकरी थापत होती. मान न वळवता म्हणाली, "आमच्याकडची पोरं पण असंच सांगतात. 'बाई, पाटी फुटली.' फोडली असं एक पण कार्टं म्हणत नाही."

बाबा उठून प्रेसमध्ये गेले. तो कागद मी छापला नाही, आणि त्यांनीही पुन्हा मागितला नाही.

बाजाराच्या दिवशी डबीवाला परत आला. तीच छत्री, तोच स्पीकर, आणि स्पीकरमधून बाबांचीच वाक्यं. परवाचं सगळं स्टँडभर झालं होतं, तरी भोवती माणसं होतीच. डोंगरातून आलेल्यांना काय माहीत. बाबा प्रेसमधून निघाले तसे मी मागे गेले. ते थेट त्याच्यासमोर उभे राहिले. म्हणाले, "हा मजकूर वापरू नका."

तो हसला. स्पीकर बंदही केला नाही, म्हणून त्याचं उत्तर अख्ख्या बाजाराने ऐकलं. "साहेब, एक शब्द माझा नाही यात. तुमचंच साहित्य आहे. मी फक्त माल विकतो."

लोक हसले. बाबांचे कान लाल झालेले मला मागून दिसत होते. ते वळून स्टँडकडे चालू लागले, आणि मला वाटलं, झालं, चालले घरी. पण ते पहिल्या जीपशी थांबले.

जीप भरत होती. आत बायका, पिशव्या, एका म्हातारीच्या मांडीवर कोंबडी. काचेखाली निळा दिवा. चाकावर तोच, जो मला कागद चालवा म्हणाला होता. बाबा त्याच्या खिडकीशी गेले.

"ही डबी काढ."

"न्हाई काढनार."

"परवा बघितलंस ना?"

"बघितलं. पावर न्हाई, मान्य. पर पॅसेंजर इचारतंय, दिवा न्हाई का तुमच्या गाडीत? दिव्याच्या गाडीत बसतंय मानूस. तुमीच लिव्हलंत ना, लिंबू नको म्हनून. आता दिवा बी नको?"

मी पुढे झाले. "काढायलाच पाहिजे! खोट्या गोष्टीची जाहिरात लावून—"

बाबांनी मला हाताने मागे सारलं. "ठेव दिवा," ते त्याला म्हणाले. "पण फ्यूज टाकू दे."

माझा विश्वास बसेना. खोटं तसंच ठेवून त्याला फ्यूज लावायचा? हे शिकवलं होतं मला? मी तसं म्हणालेही, मोठ्याने, बायका वळून बघू लागल्या. आजही मला वाटतं की माझं चुकलं नव्हतं. दिवा जायलाच हवा होता. फ्यूज घातलेलं खोटं हे फक्त जास्त दिवस टिकणारं खोटं.

ड्रायव्हर मात्र विचारात पडला होता. "फ्यूज टाकला तर करंट अडंल न्हवं? कागदावर लिव्हलं व्हतं."

जीपमधली कोंबडी फडफडली. म्हातारीने तिला दाबलं. बाबांनी खिडकीची कड धरली होती.

"ते मी लिहिलं," ते म्हणाले. "मला गाडीतलं काही कळत नाही. वाक्य चांगलं वाटलं म्हणून लिहिलं. मामांचा हात त्या वाक्याने भाजला."

आवाज इतका हळू होता की शेजारच्या जीपवाल्याने विचारलं, "काय म्हनले भाऊ?" आणि बाबांना तेच सगळं परत, मोठ्याने म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा म्हणताना त्यांचा आवाज फाटला. टपरीवरचे दोघे-तिघे उठून जवळ आले. त्यांच्यातल्या एकाने स्वतःच्या जीपकडे जाऊन बॉनेट उघडलं. दुसरा म्हणाला, "आमचे पैसं मग भाऊ देनार का?" आणि कुणी तरी हसलं. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

चाकावरच्याने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. "बायांनो, जरा उतरा," तो मागे बघून म्हणाला. "पाच मिनिटं लागतील."

"आणि फ्यूज कुठंय?" त्याने बाबांना विचारलं.

बाबांकडे फ्यूज नव्हता. अर्थातच नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. बायका एकेक करून उतरत होत्या, म्हातारी कोंबडी सांभाळत पायरी शोधत होती. मी तिचा हात धरून तिला खाली घेतलं, आणि मग बाजारातून, डबीवाल्याच्या स्पीकरसमोरून, मनात त्याला, बाबांना आणि त्या निळ्या दिव्याला शिव्या देत, इलेक्ट्रिकच्या दुकानाकडे निघाले.